तक्त्यातल्या राखीव ओळी

१७, ६६, ०, १. सिरियल लाइनवर दर तासाला जाणारा निरोप एवढाच होता. मागून चुका पकडण्यासाठीचे दोन बाइट गेले की संपला. १७ हा मीटरचा पत्ता, ६६ ही कमांड आणि उरलेल्या दोन बाइटांचा अर्थ ‘शेवटची एक नोंद दे’. मॉडबस या औद्योगिक उपकरणांच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे निरोपांच्या ठरलेल्या भाषेवर, चालणाऱ्या एका यंत्रणेत आमचे सॉफ्टवेअर काही वर्षे हा निरोप पाठवत होते आणि मीटर इमानेइतबारे नोंद देत होता. पुढे तो मीटर बिघडला, त्याच्या जागी दुसऱ्या उत्पादकाचा मीटर आला, त्याला तोच पत्ता दिला, रजिस्टरांचे क्रमांक जुळवून घेतले आणि सगळी वाचने बरोबर येऊ लागली. फक्त एकूण वापराचा आकडा दर तासाला शून्यावर येत होता. आधी वायरिंगवर संशय गेला, मग वीजपुरवठ्यावर, मग बिचाऱ्या मीटरवरच. दोन दिवसांनी लाइनवरची वाहतूक टिपून एकेक बाइट वाचायला बसलो तेव्हा उलगडा झाला: नव्या मीटरच्या लेखी ६६ चा अर्थ ‘बेरजा पुसून टाक’ असा होता.

दोन्ही उत्पादकांच्या पुस्तिका शेजारी ठेवून पाहिल्या. जुन्या मीटरच्या पुस्तिकेत फंक्शन कोडच्या, म्हणजे कमांडच्या क्रमांकांच्या, तक्त्यात ६६ समोर एकच शब्द होता, ‘राखीव’. नव्या मीटरच्या पुस्तिकेत ६६ ला स्वतंत्र ओळही नव्हती. ‘६५ ते ७२ : उत्पादकाच्या वापरासाठी’ एवढ्यात आठ कोड गुंडाळले होते. नियम म्हणून पाहिले तर कोणीही काही मोडलेले नव्हते. १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने आणलेल्या मॉडबसच्या आजच्या स्पेसिफिकेशनमध्ये ६५ ते ७२ आणि १०० ते ११० हे कोड ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे वापरावेत म्हणून मोकळे सोडले आहेत, आणि निवडलेला कोड दुसरा कोणी वापरत नसेल याची हमी नाही, हेही तिथे स्वच्छ लिहिले आहे. नकार कसा द्यायचा हेसुद्धा प्रोटोकॉलने ठरवून दिले आहे. कमांड ओळखीची नसेल तर मीटरने कोडमध्ये १२८ मिळवून १९४ आणि त्यापुढे अपवाद क्रमांक १, म्हणजे ‘हे फंक्शन माझ्याकडे चालत नाही’, असे उत्तर द्यायचे. पण नव्या मीटरला तो आकडा परका वाटलाच नाही. त्याने आज्ञा पाळली.

नुकसान म्हणावे तर दोन दिवसांच्या आकड्यांचे झाले, त्यामुळे किस्सा छोटाच आहे. तरीही प्रोटोकॉलच्या दस्तऐवजात ज्या ओळी वाचणारा सर्वांत वेगाने ओलांडतो आणि लिहिणारा सर्वांत कमी विचाराने भरतो, नेमके तिथेच घोडे अडते, असा माझा अनुभव आहे. माझे म्हणणे असे की, ‘राखीव’ किंवा ‘उत्पादकासाठी’ एवढे लिहून हात झटकणे याला दस्तऐवजीकरण म्हणता येणार नाही. राखीव कमांड कशासाठी राखली आहे, ती आलीच तर घेणाऱ्याने काय करायचे आणि मोकळ्या सोडलेल्या जागेत उत्पादकाने स्वतःचे काय बसवले आहे, हे लिहिण्याचे बंधन मानक ठरवणाऱ्या संस्थेवर आणि उत्पादकावर असले पाहिजे. आणि जिथे लोकांच्या पैशातून उपकरणे घेतली जातात, तिथे खरेदी करणाऱ्याने ते मागून घेतलेच पाहिजे.

‘राखीव’ या शब्दाची पहिली अडचण म्हणजे त्याला काळ नसतो. इंटरनेटवर माहितीची ने-आण सांभाळणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलच्या १९८१ च्या दस्तऐवजात, म्हणजे आरएफसी ७९३ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांकित दस्तऐवज), हेडरमधले, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीतले, सहा बिट राखीव आहेत, आणि तिथे हा शब्द भविष्यकाळी आहे: पुढे कधीतरी लागतील म्हणून आज हात लावू नका. माहिती साठवण्या-पाठवण्यासाठीच्या गूगलच्या प्रोटोकॉल बफर्स या पद्धतीत एखादे फील्ड काढून टाकले की त्याचा क्रमांक ‘राखीव’ म्हणून नोंदवायचा असतो, म्हणजे पुढे कोणी तोच क्रमांक नव्या अर्थाने वापरू लागला तर कंपायलर त्याला तिथेच अडवतो. इथे शब्द भूतकाळी आहे. ही मोकळी जागा नसून समाधी आहे. मॉडबसच्या स्पेसिफिकेशनमध्ये ९, १०, ४१, ४२, ९० असे काही फंक्शन कोड राखीव आहेत, कारण काही कंपन्यांच्या जुन्या उत्पादनांत ते आजही चालू आहेत. हा सरळ वर्तमानकाळ झाला: जागा भरलेली आहे, फक्त आत कोण बसले आहे ते तुम्हाला सांगितलेले नाही. तीन प्रोटोकॉल, तीन काळ, शब्द मात्र एकच. आणि प्रोटोकॉल बफर्समध्ये १९००० ते १९९९९ हे क्रमांक खुद्द त्या प्रणालीच्या अंतर्गत कामासाठीही राखलेले आहेत, म्हणजे एकाच दस्तऐवजात हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. वाचणाऱ्याने कोणता काळ धरायचा, हे त्याच्या अनुभवावर सोडलेले असते, आणि नवखा माणूस बहुतेक वेळा भविष्यकाळ धरतो. ‘राखीव म्हणजे रिकामी, रिकामी आहे, तर आत्तापुरती वापरू.’ अशा वाक्यांतून पुढचे घोळ जन्माला येतात.

या बाबतीत इंटरनेटच्या नोंदवह्या सांभाळणाऱ्या आयाना या व्यवस्थेचे वळण चांगले आहे. २०१७ च्या आरएफसी ८१२६ मध्ये वेगवेगळ्या अवस्थांना वेगवेगळी नावे दिली आहेत. अजून कोणाला नेमून न दिलेला आकडा वेगळा. तो रीतसर अर्ज करून मिळू शकतो. राखीव आकडा वेगळा. तो मागूनही मिळणार नाही. खासगी वापराचा आकडा तिसरा. तो कोणीही आपल्या हद्दीत वापरावा, पण दुसऱ्या हद्दीत त्याचा अर्थ निराळा असू शकेल आणि ही टक्कर टाळण्याचा प्रयत्न कोणी करणार नाही. प्रयोगासाठीचा चौथा. आपापल्या कंपनीत छोटेसे प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट उचलली तरी निम्मे काम होईल. पण नावे देऊन भागत नाही, कारण खरा प्रश्न वर्तनाचा आहे, आणि त्याचे टीसीपीइतके बोलके उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आरएफसी ७९३ मध्ये त्या सहा बिटांविषयी दोनच गोष्टी लिहिल्या होत्या: भविष्यातल्या वापरासाठी राखीव, आणि शून्य असले पाहिजेत. शून्य कोणी ठेवायचे? पाठवणाऱ्याने, हे उघड आहे. पण शून्य नसले तर घेणाऱ्याने काय करायचे, याविषयी ती ओळ गप्प होती. वीस वर्षे काही बिघडले नाही, कारण कोणी ते बिट वापरलेच नाहीत. २००१ मध्ये आरएफसी ३१६८ ने नेटवर्कवरची गर्दी आधीच कळवणारी ईसीएन ही सोय आणली आणि त्यासाठी त्या सहांपैकी दोन बिट घेतले. तेव्हा दिसून आले की वाटेतल्या काही फायरवॉलनी, म्हणजे वाहतूक गाळणाऱ्या उपकरणांनी, ‘शून्य असले पाहिजेत’ हे वाक्य आपल्याला उद्देशून आहे असे समजून पहारा बसवला होता. बिट शून्य नाहीत असे दिसताच ते जोडणी तोडणारे रीसेट पाठवत किंवा पॅकेट गुपचूप टाकून देत. नवी सोय चालू केलेल्या संगणकांना काही संकेतस्थळे उघडेनाशी झाली, आणि दोष अर्थातच नव्या सोयीच्या माथी आला. २००२ मध्ये सॅली फ्लॉइड यांनी आरएफसी ३३६० लिहून असे रीसेट पाठवणे का घातक आहे ते सविस्तर मांडले. ते मांडणे योग्यच होते. पण फायरवॉल लिहिणाऱ्याला सर्वस्वी दोषी ठरवायला माझे मन धजत नाही. त्याच्यासमोर जो मजकूर होता, त्याचा त्याने लावलेला अर्थ शब्दांना धरूनच होता. टीसीपीचा मूळ दस्तऐवज बदलून २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ आला, त्यात उरलेल्या चार राखीव बिटांपुढे आता असे आहे की पाठवताना ते शून्य ठेवावेत, आणि ज्याला भविष्यातली ती सोय माहीत नाही त्याने ते आलेले पाहून दुर्लक्ष करावे. ‘दुर्लक्ष करावे’ हे दोन शब्द मूळ मजकुरात यायला ४१ वर्षे लागली.

दुर्लक्ष करा, एवढा एकच नियम मात्र सगळीकडे चालत नाही, आणि म्हणूनच प्रत्येक राखीव जागेसमोर वर्तन वेगळे लिहावे लागते. राखीव बिट हा बहुधा चालू असलेल्या कामावरची एक खूण असतो. तो कळला नाही तरी मूळ काम करता येते. राखीव कमांड हे मुळात कामच असते. न कळलेले काम झाले असे भासवून गप्प बसणे म्हणजे पाठवणाऱ्याची फसवणूक. डिस्क आणि स्टोअरेजच्या मानकांत हा फरक फार पूर्वीपासून नेमका सांभाळलेला आहे: राखीव बिट घेणाऱ्याने तपासलेच पाहिजेत असे नाही, पण व्याख्या असलेल्या फील्डमध्ये राखीव संकेत आला तर चूक कळवलीच पाहिजे. कोड लिहिण्याचा एडिटर आणि त्याला प्रोग्रॅमिंग भाषेची माहिती पुरवणारा भाषा-सर्व्हर यांच्यामधल्या एलएसपी या प्रोटोकॉलमध्येही अशीच नजाकत आहे. डॉलरचे चिन्ह आणि तिरकी रेघ यांनी सुरू होणारे संदेश ज्याच्या त्याच्या अंमलबजावणीवर सोडले आहेत; त्यातली नुसती सूचना असेल तर ती सोडून द्यायला हरकत नाही, पण उत्तराची अपेक्षा असलेली विनंती असेल तर ‘अशी पद्धत नाही’ ही चूक परत पाठवलीच पाहिजे. दोन वाक्यांचा मजकूर आहे. तेवढ्याने पुढची कितीतरी भांडणे मिटतात.

लिहिलेले वर्तनही वापराविना गंजते, हे आणखी एक. वेबवरची वाहतूक कूटबद्ध करणाऱ्या टीएलएस प्रोटोकॉलची १.३ ही आवृत्ती तयार होत असताना, अनोळखी आवृत्तीचा क्रमांक दिसला की जोडणीच तोडणारे सर्व्हर आणि मधली उपकरणे इतकी निघाली की, २०१८ च्या अंतिम दस्तऐवजात जुन्या जागी १.२ चाच क्रमांक कायम ठेवून खरी आवृत्ती एका वेगळ्या विस्तारात सांगावी लागली. ‘अनोळखी मूल्याकडे दुर्लक्ष करा’ हा नियम कागदावर असूनही तो कोणी तपासून पाहिला नव्हता. त्यावर गूगलच्या डेव्हिड बेंजामिन यांनी मांडलेला उपाय २०२० मध्ये आरएफसी ८७०१ म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात काही मूल्ये अशी राखून ठेवली आहेत की त्यांना कधीच अर्थ मिळणार नाही, आणि ब्राउझरने ती अधूनमधून मुद्दाम पाठवत राहायचे, म्हणजे दुर्लक्ष करण्याची सवय मोडलेला सर्व्हर लगेच उघडा पडतो. राखीव जागेला कायम हालती ठेवणारी ही युक्ती मला मनापासून आवडते, पण तिचा पाया पुन्हा दस्तऐवजच आहे: ही मूल्ये कोणती आणि ती आली तर काय करायचे, हे आकड्यांनिशी लिहिले आहे म्हणूनच चुकणाऱ्याकडे बोट दाखवता येते.

आता उत्पादकांच्या विस्तारांकडे वळू. प्रत्येक प्रोटोकॉलला अशी मोकळी कुरणे लागतातच; ती ठेवली नाहीत तर कुंपण मोडून लोक आत शिरतात. प्रश्न कुरण असण्याचा नाही, त्यात कोणाची जनावरे चरतात याची नोंद असण्याचा आहे. नेटवर्कवर येणाऱ्या संगणकाला पत्ता आणि इतर माहिती देणाऱ्या डीएचसीपीत पर्यायांचा क्रमांक एका बाइटात मावतो, म्हणजे एकूण जागा २५६. त्यातल्या १२८ ते २५४ या जागा, जवळजवळ निम्म्या, स्थानिक वापरासाठी सोडल्या होत्या: आपापल्या नेटवर्कचा व्यवस्थापक त्या आपल्या सोयीने वापरील अशी कल्पना. झाले असे की व्यवस्थापकांनी कमी आणि उत्पादकांनी जास्त जागा धरल्या. फोन, नेटवर्कवरून सुरू होणारे संगणक, मोडेम अशा उपकरणांच्या फर्मवेअरमध्ये ते क्रमांक कायमचे कोरले गेले, आणि त्यांची एकत्र नोंद कुठेच नव्हती. सार्वजनिक क्रमांक संपत आले तेव्हा, २००४ मध्ये, आरएफसी ३९४२ ने १२८ ते २२३ हा पट्टा सार्वजनिक यादीत परत घेतला आणि खासगी वापरासाठी फक्त २२४ ते २५४ ठेवले. त्याच वेळी उत्पादकांना सहा महिन्यांची मुदत दिली: यातला एखादा क्रमांक तुम्ही वापरत असाल तर पुढे येऊन सांगा आणि त्याचे दस्तऐवजीकरण करण्याचे कबूल करा.

याचे फलित आयानाच्या यादीत आजही वाचता येते. १५० या एकाच क्रमांकापुढे तीन वापर नोंदलेले आहेत: टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या प्रोटोकॉलच्या सर्व्हरचा पत्ता, नेटवर्कवरून संगणक सुरू करणारे इथरबूट, आणि संगणक सुरू करणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमच्या कॉन्फिगरेशन फाइलचा मार्ग. यातला पहिला, इंटरनेट फोनसाठी सिस्कोने वापरलेला, २०१० मध्ये आरएफसी ५८५९ म्हणून रीतसर लिहिला गेला. तिघांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता. एकाने घेतलेली जागा दुसऱ्याला दिसत नव्हती, एवढेच. मीटरच्या ६६ चे जे झाले, तेच इथे मोठ्या प्रमाणावर झाले. फरक इतकाच की इथे कोणीतरी शेवटी वही उघडून बसले. ती वही पहिल्या दिवशी उघडली असती तर खर्च काय आला असता, हा प्रश्न मला वारंवार पडतो.

‘आमचे खासगी आहे’ अशी चिठ्ठी नावालाच डकवण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. ईमेल आणि वेबच्या हेडरांत इंग्रजी एक्स हे अक्षर आणि जोडरेघ लावून सुरू होणारी नावे खासगी किंवा प्रयोगातली समजावीत, अशी प्रथा पडली. नावे लोकप्रिय झाली, खासगी राहिली नाहीत, पण एक्स काही सुटेना. तो काढावा तर जुनी सॉफ्टवेअरे मोडतात आणि दोन्ही नावे चालवावीत तर प्रत्येकाला दुहेरी काम. २०१२ च्या आरएफसी ६६४८ ने नव्या नावांना हा एक्स लावू नका, असे सांगून प्रकरण मिटवले. उत्पादकाचा विस्तार वेगळा ओळखू यावा हे बरोबर, पण नावावरचा ठिपका हा दस्तऐवजाला पर्याय होत नाही, इतके त्यातून घ्यावे.

चांगले उदाहरण सांगायचे तर मी वाद्यांच्या जगाकडे पाहतो. १९८३ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांशी मिडी या प्रोटोकॉलने बोलतात. त्यात २४० या बाइटने सुरू होऊन २४७ ने संपणारा ‘सिस्टिम एक्सक्लुझिव्ह’ संदेश ही उत्पादकाची हक्काची जागा आहे. पण २४० च्या लगेच पुढे त्या उत्पादकाचा नोंदणीकृत क्रमांक असलाच पाहिजे, म्हणजे दुसऱ्याच्या वाद्याने तो पाहताच संदेश सोडून द्यावा. क्रमांक अपुरे पडू लागले तेव्हा पहिला बाइट शून्य ठेवून पुढचे दोन बाइट वापरण्याची वाट काढली. अभ्यासासाठी आणि विनाव्यवसाय वापरासाठी १२५ हा वेगळा क्रमांक आहे, म्हणजे होतकरू विद्यार्थ्याला कोणाच्या हद्दीत घुसावे लागत नाही. २४४, २४५, २४९ आणि २५३ या संदेशांना अर्थ दिलेला नाही आणि तसे तक्त्यात उघड लिहिलेले आहे. या सगळ्यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे, उत्पादक आपापल्या एक्सक्लुझिव्ह संदेशांची रचना प्रसिद्ध करत आले. वाद्याच्या पुस्तिकेच्या शेवटी बाइटांचे तक्ते असत, कुठल्या बाइटाने कुठला आवाज बदलतो ते सांगणारे. त्या तक्त्यांवर त्रयस्थ लोकांनी आवाज जतन करणारी आणि संपादन करणारी सॉफ्टवेअरे लिहिली, आणि मूळ कंपनीने लक्ष काढून घेतल्यानंतरही जुनी वाद्ये त्यांच्या जोरावर चालत राहिली. उत्पादकाचा विस्तार उघडा ठेवल्याने उत्पादकाचे नुकसान होते, हे गृहीतक या एका उदाहरणासमोर बरेच डळमळते.

नेमके उलटे चित्र मार्च २०२५ मध्ये दिसले. ब्लूटूथमध्ये संगणक आणि रेडिओ चिप यांच्या मधल्या पातळीवर ज्या कमांड जातात, त्यांच्या क्रमांकाचे दोन भाग असतात: सहा बिट गटाचे आणि दहा बिट कमांडचे. त्यातला ६३ हा गट मानकाने उत्पादकाच्या चाचणी आणि दुरुस्तीच्या कमांडसाठी सोडलेला आहे, म्हणजे १०२४ कमांडची मोकळी जागा. टार्लॉजिक या स्पॅनिश सुरक्षा कंपनीने माद्रिदच्या एका परिषदेत जाहीर केले की एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी३२ या चिपमध्ये या गटात २९ कमांड सापडल्या आहेत, त्यांच्याद्वारे चिपची मेमरी वाचता-लिहिता येते, उपकरणाचा पत्ता बदलता येतो, आणि त्या कुठेही लिहिलेल्या नाहीत. जगभर अब्जावधी उपकरणांत ‘चोरदरवाजा’ सापडल्याचे मथळे झळकले. मग शोध लावणाऱ्यांनीच तो शब्द मागे घेऊन ‘लपलेली सुविधा’ असा सौम्य शब्द वापरला, आणि कंपनीने खुलासा केला की या चाचणीच्या कमांड आहेत, ब्लूटूथवरून किंवा इंटरनेटवरून दुरून त्या चालवता येत नाहीत. त्यांची वाट बंद करणारी सुधारणा देऊ आणि उत्पादकाच्या सर्व कमांड लिहून प्रसिद्ध करू, असेही तिने सांगितले.

तांत्रिक बाजूने कंपनीचे म्हणणे मला पटते. ज्याच्या हाती त्या चिपवर चालणारा प्रोग्रॅमच आहे, त्याला या २९ कमांडने फार काही नवे मिळत नाही, आणि अशा कमांड जवळपास प्रत्येक रेडिओ चिपमध्ये असतात. पण विश्वासाच्या बाजूने कंपनीला जो फटका बसला, तो २९ ओळींच्या तक्त्याने टळला असता. ओळी लिहिलेल्या असत्या तर शोधाला बातमीमूल्यच उरले नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे प्रोटोकॉलच्या बाबतीत खरे नाही. इथे झाकलेल्या मुठीत लोक नेहमी सर्वांत वाईट वस्तू कल्पितात, आणि तशी कल्पना करण्याचा त्यांना अधिकारही आहे.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा येतो: घातक कमांड लिहून ठेवली तर हल्लेखोराला आयती मिळेल. मॉडबसच्या राखीव यादीतला ९० हा कोड यासाठी पाहण्यासारखा आहे. स्नायडर इलेक्ट्रिकच्या कंट्रोलरांचा प्रोग्रॅमिंगचा अख्खा प्रोटोकॉल, यूएमएएस, या एका कोडच्या पोटात चालतो, आणि त्याची रचना कंपनीने सार्वजनिक केलेली नव्हती. सुरक्षा संशोधकांनी लाइनवरची वाहतूक वाचून तो उलगडला आणि आपले निष्कर्ष प्रसिद्धही केले. ज्याला आत शिरायचे आहे तो वाहतूक टिपायला बसतोच. त्याला वेळ आणि चिकाटी दोन्ही असते. तक्ता नसल्यामुळे अडतो तो फायरवॉलचे नियम लिहिणारा माणूस. कोणती कमांड नुसती वाचते आणि कोणती चालते यंत्र थांबवते हे त्याला माहीत नसेल, तर त्याने ९० पूर्ण बंद करावा की पूर्ण उघडा ठेवावा? गुप्ततेने हल्लेखोराचा काही आठवड्यांचा वेळ जातो. बचाव करणाऱ्याच्या हाती मात्र काहीच राहत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. कमांड लिहिली की लोक तिच्यावर विसंबू लागतात, आणि मग ती बदलण्याचे उत्पादकाचे स्वातंत्र्य जाते. चाचणीसाठी घाईने टाकलेली कमांड दहा वर्षे सांभाळावी लागेल या भीतीने अभियंते ती लिहायचे टाळतात, आणि मी स्वतः असे टाळलेले आहे. पण न लिहिल्याने लोक विसंबायचे थांबतात, असे मात्र दिसत नाही. डीएचसीपीचे क्रमांक कुठे लिहिलेले होते? उलट लिहिताना ‘ही चाचणीची आहे, पुढच्या आवृत्तीत न सांगता जाईल’ असे एक वाक्य जोडता येते, आणि मग विसंबणाऱ्याची जबाबदारी त्याची त्याच्यावर राहते. अस्तित्व जाहीर करणे आणि टिकवण्याचे वचन देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या पुस्तिकांत त्या एकत्र बांधल्या गेल्यामुळे दुसरीच्या धास्तीने पहिलीही राहून जाते. अंतर्गत रचना किंवा अल्गोरिदम उघडा करा, असेही कोणी मागत नाही. कमांड आहे, ती अमुक फर्मवेअरपासून आहे, तिने काय बदलते, ती परत फिरवता येते की नाही, तिला कोणती परवानगी लागते आणि ती बंद कशी करायची, एवढे पुरे.

हे स्वेच्छेने होईल असे मला वाटत नाही. एफटीपी या फाइल पाठवण्याच्या प्रोटोकॉलच्या १९८५ च्या दस्तऐवजात प्रत्येक सर्व्हरच्या खास सोयींसाठी ‘साइट’ नावाची कमांड आहे, आणि त्या सोयी कोणत्या व कशा वापरायच्या ते मदतीच्या कमांडच्या उत्तरात सांगता येईल, असे तिथे सुचवलेले आहे. सुंदर कल्पना: विस्ताराने स्वतःची ओळख प्रोटोकॉलच्या आतूनच द्यावी. पण ‘सांगता येईल’ आणि ‘सांगितलेच पाहिजे’ यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच त्या मदतीच्या उत्तरांच्या दर्जात पडते. मानक ठरवणाऱ्या संस्था अनुरूपतेचे प्रमाणपत्र देताना शेकडो चाचण्या घेतात. त्यात राखीव कोड पाठवून नकार योग्य येतो का हे पाहणे आणि खासगी पट्ट्यातल्या ज्या कोडना उपकरण प्रतिसाद देते त्यांची यादी मागणे, ही भर फारशी जड नाही. मॉडबसमध्ये सगळे फंक्शन कोड तपासायचे तर १२७ निरोप पाठवावे लागतात. एका दुपारचे काम आहे; फक्त ते रिकाम्या मीटरवर करावे, चालू लाइनवर नव्हे, कारण त्या १२७ पैकी एखादा ‘बेरजा पुसून टाक’ असू शकतो.

खरेदी करणाऱ्याच्या हातात तर याहून मोठी ताकद आहे. पाणीपुरवठा, वीज, रुग्णालये यांसाठी सार्वजनिक पैशातून घेतलेली उपकरणे पंधरा-वीस वर्षे चालतात, आणि तेवढ्या काळात उत्पादक विकला जातो, बंद पडतो किंवा ते उत्पादन सोडून देतो. करारात ‘अमुक मानकाशी सुसंगत’ एवढेच लिहिलेले असते. सुसंगततेचा दावा मानकाने लिहिलेल्या भागापुरता असतो. उपकरण बदलताना घोळ होतो तो न लिहिलेल्या भागात. म्हणून उत्पादकाच्या सर्व कमांडची यादी, फर्मवेअरच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर अद्ययावत करून देणे, ही पैसे अदा करण्याची अट असावी. यादी द्यायला नकार देणारा उत्पादक एकतर ती देऊ इच्छित नाही किंवा त्याच्याकडे ती नाहीच. आणि दुसरी शक्यता मला पहिलीपेक्षा जास्त घाबरवते.

आमच्या त्या यंत्रणेचा अंतर्गत दस्तऐवज आम्ही नंतर दुरुस्त केला. ६६ समोर आता अशी ओळ आहे: ‘जुना मीटर, नोंद वाचणे, निरुपद्रवी; नवा मीटर, एकूण बेरीज शून्य करणे, परत फिरवता येत नाही, मीटरची ओळख पटवल्याशिवाय पाठवू नये, अनोळखी मीटरकडून अपेक्षित उत्तर १९४, १.’ खाली ६७ ची ओळ आहे. लाइनवरच्या जुन्या नोंदी पाहता जुन्या मीटरकडे ६७ हा कोड वर्षातून दोनदा जात होता आणि मीटर त्याला नकार न देता उत्तर देत होता. तो काय करत होता हे त्या उत्पादकाकडे दोनदा विचारले. पुस्तिका पाहा, असे उत्तर आले. पुस्तिकेत ६७ समोर ‘राखीव’ असे छापलेले आहे.